सार्थ शून्य

मराठी माणूस पैशाच्या बाबतीत कसा असेल तो असो, आकड्यांच्या बाबतीत तो फार प्रामाणिक असतो, असे माझे मत आहे. लग्नाहून परत आलेल्या शेजाऱ्याला विचारा, "किती पाने उठली हो?" तो म्हणेल, "उठली असतील तीनशेक." या 'तीनशेक'च्या शेपटाला जो 'एक' चिकटला आहे, त्याला व्याकरणाच्या तासाला कोणी विचारत नाही, पण तो बिचारा केवढे काम करतो! 'मी मोजले नाही, माझ्या शब्दावर पंगतीचा हिशेब करू नका,' एवढे सगळे तो एका अक्षरात सांगून टाकतो. शंभरेक, चार-दोन, दहा-बारा, पाच-पन्नास हे सारे त्याच घरातले. 'दहा-बारा म्हणजे नक्की दहा की बारा?' असे विचारणारा माणूस मराठी नसावा किंवा वकील असावा. उलट तोच शेजारी 'एकशे तीन' म्हणाला, तर समजावे की त्याने बोट फिरवून पाने मोजली आहेत.

हे सारे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले आहे. पण याला गणितात एक नाव आहे, नियम आहेत आणि त्यावरून संगणकाशी भांडणेही होतात, हे मला माझ्या भाच्याने शिकवले. भाऊ धुळ्याला असतो आणि त्याचा मुलगा आमच्या घरी जळगावला राहून विद्यापीठात संख्याशास्त्र शिकतो. बहिणाबाईंचे नाव असलेल्या विद्यापीठात जाऊन हा मुलगा कवितेऐवजी सरासऱ्या शिकतो, याचे मला प्रथम वाईट वाटे. आता वाटत नाही. जेवणे झाली की तो आपला संगणक घेऊन ओट्यावर बसतो, आणि मी पेपर तपासता तपासता त्याच्या पडद्यात डोकावते.

तो ज्या भाषेत काम करतो तिचे नाव 'आर'. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी १९९०नंतरच्या दशकात ती रचली. दोघांचीही नावे 'आर'ने सुरू होतात, म्हणून भाषेचेही नाव आर. आमच्या खानदेशात मात्र आर म्हटला की डोळ्यांपुढे शेत येते. शंभर चौरस मीटरांचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर. म्हणून मी पहिल्याच दिवशी त्याला चिडवले, "तुझ्या या आरला सातबारा तरी कळतो का रे?" त्याने तोंडातून शब्द न काढता ७ लिहिले, तिरकी रेघ मारली, १२ लिहिले आणि कळ दाबली. पडद्यावर उत्तर उमटले, ०.५८३३३३३.

"आत्या, हा तुझा सातबारा," तो म्हणाला.

आता गंमत पाहा. सातला बाराने भागले तर तीनांची रांग कधी संपतच नाही. मग यंत्राने सातव्या अंकावरच का थांबावे? तर त्याला कोणी वेगळे सांगितले नाही, तर ते सात सार्थ अंक दाखवते. तशी त्याची रीतच आहे. सार्थ अंक! हा शब्द ऐकला आणि मी हातातला पेपर खाली ठेवला. 'सार्थ ज्ञानेश्वरी' आपण म्हणतो तोच हा सार्थ, अर्थासह असलेला. डावीकडून वाचत जावे, पहिला शून्य नसलेला अंक भेटला की तेथून मोजायला लागावे. त्याच्या आधीची शून्ये नुसती जागा धरून बसलेली, एस. टी.त रुमाल टाकून ठेवावा तशी. पण शेवटी येणारे, दशांश चिन्हानंतरचे शून्य मात्र खरे प्रवासी. ०.४५ मध्ये दोन अंक सार्थ आहेत आणि ०.४५० मध्ये तीन. किंमत तीच, पण दुसरा लिहिणारा सांगतो आहे की मी हजारावा भागही पाहिला, आणि तेथे काही नव्हते.

काही नव्हते हे पाहून सांगणे आणि न पाहता गप्प बसणे, यांत फरक आहे. यंत्राला हा फरक कळत नाही. ते शेवटची शून्ये निरुपयोगी समजून पुसून टाकते.

एके रात्री मीच त्याला गणित घातले. २०११च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२,२९,९१७ होती आणि क्षेत्रफळ ११,७६५ चौरस किलोमीटर. एका चौरस किलोमीटरला माणसे किती? आर म्हणाले, ३५९.५३४. हे .५३४ माणूस कोठे राहतात कोण जाणे! जनगणनेच्या पुस्तकात साधा ३६० असा आकडा असतो, तोच शहाणपणाचा. भाच्याने मला आणखी एक बारकावा दाखवला. क्षेत्रफळच पाच अंकांपर्यंत दिलेले आहे. मग उत्तरातले पाचांपुढचे अंक आले कोठून? ते भागाकाराने प्रसवलेले, मोजणीतून आलेले नव्हेत. परातीत पीठ दोन पोळ्यांचे असताना लाटणाऱ्याने कितीही पातळ लाटले, म्हणून काही तिसऱ्या माणसाचे पोट भरत नाही.

मग त्याने जळगावशेजारी धुळे आणून बसवले. लोकसंख्या २०,५०,८६२, क्षेत्रफळ ७,१९५. दोन्ही उत्तरे एका ओळीत मागितली, तर पडद्यावर आले ३५९.५३४० आणि २८५.०३९९. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. मघाशी जळगाव एकटे होते तेव्हा ३५९.५३४ होते, धुळे शेजारी येताच त्याच्या मागे शून्य उभे राहिले! खरे उत्तर ३५९.५३३९५ असे काहीसे पुढे जाणारे आहे. सात अंकांत बसवले की ३५९.५३४० होते, आणि एकटे असले की यंत्र ते शून्य गिळते. पण रांगेत दुसऱ्याला चार दशांश स्थळे लागत असली, तर सगळ्यांनाच तेवढी देते, म्हणून शून्य परत येते. माझे माहेर धुळ्याचे असल्यामुळे या प्रकारात मला एक विशेष समाधान वाटले, ते मी लपवले नाही.

हे शून्य गिळण्याचे प्रकरण पडद्यावर गमतीचे वाटते. शेतात ते तसे राहत नाही.

भाच्याच्या अभ्यासाला कापूस लावणाऱ्या शेतकऱ्यांची माहिती हवी होती. अमळनेरच्या बाजूला एका गावात माझे जुने विद्यार्थी आहेत, म्हणून सुट्टीत मी त्याच्याबरोबर गेले. नावे, क्षेत्र, लावणीची तारीख, सगळे आधीच लिहून आणलेले होते. प्रत्येकाची एकेक चिठ्ठी यंत्राकडून छापून घेतली होती, आणि ती ज्याची त्याला दाखवून 'बरोबर आहे ना?' एवढे विचारायचे होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चिठ्ठी हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. ते अहिराणीत म्हणाले, "मना पंचेचाळीस आर कोठे गयात रे भाऊ?"

चिठ्ठीवर छापले होते, क्षेत्र १.५.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असे जोडीजोडीने लिहितात. एक हेक्टर पन्नास आर म्हणजे १.५०.००. ज्या माणसाने जन्मभर हा उतारा वाचला, त्याला १.५ दिसले की तो एक हेक्टर पाच आर असेच वाचणार. भाच्याच्या लेखी १.५ आणि १.५० यांत काही अंतर नव्हते. त्या गृहस्थांच्या लेखी दोहोंमध्ये एक विहीर, दोन लिंबाची झाडे आणि भावकीतला एक जुना तंटा होता. कागदावर संगणकाने छापलेला आकडा आहे, आणला आहे विद्यापीठाच्या पोराने, म्हणजे वर कोठेतरी नोंद बदलली असणार, अशी त्यांची पक्की समजूत झाली. आम्ही परोपरीने सांगितले. शेवटी त्यांनी आत जाऊन ट्रंकेतून उतारा आणला, दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले, आणि भाच्याला म्हणाले, "याच्यावर शून्य लिहून दे. आणि सही कर." भाच्याने पेनाने शून्य काढले, खाली सही केली. मगच चहा आला.

घरी येऊन त्याने सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा छापल्या. यंत्राला 'दशांशानंतर दोन घरे भर, रिकामी असली तरी भर' असे स्पष्ट बजावावे लागते, तशी आज्ञा त्या भाषेत आहे. सार्थ अंक किती हवेत हे सांगण्याची आज्ञा वेगळी आणि दशांश स्थळे किती हवीत हे सांगण्याची वेगळी. दोन्ही एकच समजणारे पुष्कळ असतात, असे तो म्हणतो. शेताला दशांश स्थळे हवीत, कारण आर सगळ्यांचा सारखाच. पण एकाच तक्त्यात मुंगीचे वजन आणि हत्तीचे वजन आले, तर दशांश स्थळे सारखी ठेवून मुंगी शून्य होऊन बसते. तेथे सार्थ अंक मोजावेत.

आमच्या जळगावच्या सराफ बाजाराला हे शिकवावे लागत नाही. सोन्याच्या पावतीवर दहा ग्रॅमची वेढणी १०.००० अशी लिहितात. तीन शून्ये! काट्याने मिलिग्रॅमपर्यंत पाहिले, असे त्या तीन शून्यांचे म्हणणे. नुसते १० लिहिले तर गिऱ्हाईक पावती परत करील आणि ते बरोबरच करील. सोन्याच्या कसाचाही एक आकडा मोठा मजेदार आहे. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसात बावीस भाग, हजारात मांडले तर ९१६.६६ आणि पुढे सहांची न संपणारी रांग. शाळेच्या नियमाने याचे ९१७ व्हायला हवेत. पण दागिन्यावर शिक्का असतो ९१६चा. मला प्रथम ही सराफांची लबाडी वाटली. विचार केल्यावर कळले, की हा किमान कसाचा आकडा आहे. ९१७ची हमी दिली असती, तर नेमके बावीस कॅरेटचे सोने तिला उणे पडले असते. पुढचे अंक वर ढकलायचे, खाली ढकलायचे की नुसते छाटायचे, हे त्या आकड्याला काय कबूल करायचे आहे त्यावरून ठरते.

यंत्राचा तरी या बाबतीत कोठे एकच नियम आहे? आपण शाळेत शिकलो की अर्धा आला की वर जा. आरला २.५चा पूर्णांक विचारला तर ते २ म्हणते, आणि ३.५चा विचारला तर ४! अर्ध्यावर अडलेला आकडा जवळच्या सम संख्येकडे न्यायचा, म्हणजे कधी वर, कधी खाली जाऊन लांबलचक बेरजेत कोणा एकावर अन्याय होत नाही, अशी ती मांडणी आहे. पटते, पण भाजीवाल्याला पटवून पाहावे.

माझे आजोबा धुळ्याला एका पेढीवर कीर्द-खतावणी लिहीत. पावकी, निमकी, औटकी त्यांना पाठ होत्या. साडेतीनाला ते 'औट' म्हणत आणि आम्ही मुले हसत असू. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा हा हिशेब त्यांच्या बोटांवर असे. रक्कम अक्षरी लिहिली की शेवटी 'मात्र' लिहायचे आणि पुढे कागदाच्या कडेपर्यंत रेघ ओढायची, हा त्यांचा शिरस्ता. मी विचारले तर म्हणत, "पोरी, शून्याला फुकट पाय फुटतात." आकड्यामागे कोणी नवे शून्य बसवू नये, याची त्यांना काळजी. असलेले शून्य कोणी गिळू नये, याची काळजी त्यांच्या पणतवंडाला करावी लागते.

शून्याची लाज वाटून आकडा बदलल्याचीही एक प्रसिद्ध कथा आहे. हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात जगातल्या सर्वांत उंच शिखराची उंची निघाली, ती १८५६ साली अँड्र्यू वॉ यांनी जाहीर केली, २९,००२ फूट. सांगतात असे, की हिशेबात उत्तर बरोबर २९,००० आले होते. पण तीन शून्ये पाहून लोक म्हणतील यांनी अंदाजपंचे ठोकून दिले आहे, म्हणून वर दोन फूट घातले. म्हणजे आपल्या आहेरासारखेच झाले. शंभर दिले तर ते नुसते पैसे, एकशे एक दिले की आशीर्वाद! २०२० साली नेपाळ आणि चीन यांनी मिळून नवी उंची जाहीर केली, ती ८,८४८.८६ मीटर. सेंटिमीटरपर्यंत सांगायला मोजणीही तशीच लागते.

जिल्ह्याच्या अभिमानाचा दोष पत्करून एक गोष्ट येथे सांगतेच. चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या डोंगरात पाटण नावाचे गाव आहे. तेथे १२०७ सालचा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तेथे मठ काढला, त्याची ती नोंद. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. मराठीच्या प्राध्यापकांना तो माहीत असतो, कारण त्याच्या शेवटी जुन्या मराठीतल्या काही ओळी आहेत, बाजारातल्या मालावर मठासाठी द्यायच्या वाट्यांच्या. (ज्ञानदेवांना कोरे पत्र पाठवणारे चांगदेव ते वेगळे. ते चौदाशे वर्षे जगले म्हणतात. या 'चौदाशे'तले अंक किती सार्थ धरायचे, हे भाच्याला विचारले तर तो म्हणाला, फार तर दोन.)

त्या भास्कराचार्यांनी आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी 'लीलावती'त वर्तुळाचा परीघ काढण्याच्या दोन रीती दिल्या आहेत. व्यासाला ३,९२७ने गुणून १,२५०ने भागावे, ही सूक्ष्म रीत. २२ने गुणून ७ने भागावे, ही स्थूल, व्यवहाराला पुरेशी. पहिलीने ३.१४१६ येतात, दुसरीने ३.१४२८ आणि पुढे. दोन्ही शेजारी शेजारी, आणि प्रत्येकीवर तिच्या पात्रतेची चिठ्ठी लावलेली! विहिरीला कठडा बांधणाऱ्याने बावीस-सप्तमांशाने भागवावे, ग्रहांचे गणित करणाऱ्याने भागवू नये. शिवाय हे सारे श्लोकात. तेथे शून्याला आकाश म्हणायचे, पाचाला बाण म्हणायचे, असा संकेत. शून्य गाळायची सोयच नाही; गाळले तर वृत्त मोडेल.

येथवर मजेत लिहीत आले. पण या विषयाकडे मी मनापासून वळले ती माझ्या एका विद्यार्थिनीमुळे.

साक्री तालुक्यातल्या खेड्यातली मुलगी. वडील ट्रॅक्टर चालवतात. एम. ए.ला मराठी घेतले आणि चारही सत्रे एस. टी.ने येऊन-जाऊन केली. लिहिते फार चांगले. मला तिच्या उत्तरपत्रिका तपासताना लाल पेन बाजूला ठेवावेसे वाटे. तिला प्राध्यापक व्हायचे होते. त्यासाठी नेटची परीक्षा द्यावी लागते, आणि खुल्या गटाला त्या परीक्षेला एम. ए.त निदान पंचावन्न टक्के लागतात. निकालानंतर एका कार्यालयाने टक्केवारीची यादी लावली. त्यात तिच्या नावापुढे होते ५५. तिने घरी पेढे नेले.

काही महिन्यांनी ती नेटच्या नियमांचा कागद घेऊन माझ्याकडे आली. 'पंचावन्न टक्के' या शब्दांपुढे कंसात लिहिले होते, की अपूर्णांकाचा पूर्णांक न करता. तिच्या मनात शंका आली होती, पण एकटीने हिशेब करायचे धैर्य होत नव्हते. गुणपत्रिकांची बेरीज आम्ही दोघींनी मिळून केली. सोळाशेपैकी आठशे एकोणऐंशी. भाच्याला हाक मारली नाही; मीच पाठीमागच्या कागदावर भागाकार मांडला. तो पूर्ण सुटला, बाकी काही उरली नाही. ५४.९३७५.

सोळाशेचे पंचावन्न टक्के म्हणजे बरोबर आठशे ऐंशी. एक गुण कमी.

ती रडली नाही. कागदाकडे पाहत म्हणाली, "मॅडम, यादीत मग पंचावन्न का होते?"

मी तिला काय सांगणार? छापणाऱ्याने तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून दोनच अंक मागितले असतील. यंत्राने ५४.९३७५चे दोन अंक करून ५५ दिले. त्याचे गणित चुकले नाही. तीन अंक मागितले असते तर ५४.९ आले असते, आणि मुलगी त्याच दिवशी सावध झाली असती. एका विषयाला पुन्हा बसून गुण वाढवण्याची सोय होती, पण तिचा अर्ज करण्याची मुदत तेव्हा चालू होती आणि आता ती उलटून गेली होती. गुण तिचा होताच तेवढा. गेले ते वर्ष. त्या वर्षात घरी स्थळे येऊ लागली. वडील दोनदा मला भेटून गेले. "एका गुणाने काय होते मॅडम?" असे ते विचारत, आणि खरेच विचारत.

मी यादीचा विषय काढला तेव्हा मला ऐकावे लागले, की अधिकृत कागद गुणपत्रिका हा आहे, यादी केवळ माहितीसाठी. माहितीसाठी! जिथे पंचावन्नाच्या अलीकडे एक माणूस आणि पलीकडे दुसरा माणूस उभा राहतो, तिथे दोन माणसांना एकच आकडा देणाऱ्या कागदाला माहिती कशी म्हणायची, हे मला अजून समजलेले नाही.

पुढच्या वर्षी ती भाषाविज्ञानाच्या पेपरला पुन्हा बसली. वर्षभर एका कापडाच्या दुकानात काम करून तिने अभ्यास केला. आठ गुण वाढले. सोळाशेपैकी आठशे सत्त्याऐंशी, म्हणजे ५५.४३७५. नेटचा अर्ज तिने आमच्याच ओट्यावर बसून भरला, भाच्याच्या संगणकावर, आणि टक्केवारीच्या चौकटीत चारही दशांश स्थळे लिहिली. चौकट दोनच घेत होती, तरी तिने आधी चार लिहून पाहिली.

कार्यालयाने सुधारित यादी लावली आहे. तिच्या नावापुढे पूर्वी ५५ होते, आताही ५५च आहे.